पाण्यात उभं गाव, कोरडे नळ: ट्यूक्सबरी, जुलै २००७

रविवार, २२ जुलै २००७. पहाटेच्या अंधारात सेव्हर्न नदीचं पाणी माइथ जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात शिरलं. विजेची यंत्रं भिजून कायमची निकामी होऊ नयेत म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांनी केंद्र बंद केलं. टाक्यांमध्ये होतं तेवढं पाणी संपेपर्यंत नळ चालले आणि मग एकेक भाग कोरडा पडत गेला. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर काउंटीतली ग्लॉस्टर आणि चेल्टनम ही दोन मोठी शहरं, त्यांच्या आसपासची खेडी आणि केंद्राला अगदी लागून असलेलं ट्यूक्सबरी, असं मिळून सुमारे १,४०,००० घरं आणि साडेतीन लाख माणसं बिनपाण्याची झाली. नळाचं पाणी पुन्हा बेधडक प्यायला चालेल असं जाहीर व्हायला ७ ऑगस्ट उजाडला.

त्याच दिवसांत हेलिकॉप्टरमधून काढलेले ट्यूक्सबरीचे फोटो जगभर छापून आले. चहूकडे तपकिरी पाण्याचा समुद्र, मधोमध हिरवळीचा छोटासा तुकडा आणि त्यावर नऊशे वर्षांची ॲबी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचं चर्च. बऱ्याच जणांना ती चमत्काराने वाचली असं वाटलं. माझं मत वेगळं आहे. ॲबी उभी राहिली आणि पाण्याचं केंद्र बुडालं, यामागे दोन वेगवेगळ्या काळांतल्या माणसांनी जागा निवडताना केलेला विचार आहे. त्यातल्या एका गटाला पुराचं पाणी कुठवर येतं हे ठाऊक होतं. दुसऱ्यालाही ठाऊक होतं, पण त्याच्या कामाला नदीकाठ सोडून चालणार नव्हतं, आणि पुढे त्याच जागेवर किती भार टाकायचा हे कुणी नीट तपासलं नाही.

ट्यूक्सबरी सेव्हर्न आणि एव्हन या दोन नद्यांच्या संगमावर आहे. एवढ्यावर भागत नाही. गावाच्या एका अंगाने स्विलगेट नावाचा ओढा येतो, दुसऱ्या अंगाने कॅरंट. पश्चिमेला गाव आणि मुख्य सेव्हर्न यांच्यामध्ये सेव्हर्न हॅम नावाचं सुमारे ७० हेक्टरांचं गवताळ कुरण आहे. दर हिवाळ्यात ते पाण्याखाली जातं, उन्हाळ्यात तिथलं गवत कापतात आणि नंतर गुरं चरतात. त्यावर बांधकाम नाही. गाव आणि कुरण यांच्यामधून मिल एव्हन वाहते. ती नैसर्गिक नदी नव्हे, मठाची पिठाची गिरणी चालावी म्हणून मध्ययुगात काढलेला तो पाट आहे.

या सगळ्या पाण्यात कोरडी राहणारी जमीन म्हणजे कासवाच्या पाठीसारखा एक उंचवटा, आणि गाव तेवढ्यावरच बसलेलं. हाय स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि बार्टन स्ट्रीट असे तीनच मुख्य रस्ते, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात एकमेकांना मिळतात. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (राजाने देशभर करवलेली जमीन-मालमत्तेची मोजणी) इथल्या बाजाराची नोंद आहे, म्हणजे बाजारपेठ म्हणून गाव किमान तेवढं जुनं. पेठ वाढली, माणसं वाढली, पण पसरायला जागा नव्हती. मग गावाने परसदारं भरायला सुरुवात केली. रस्त्याकडे अरुंद दर्शनी भाग आणि मागे नदीच्या दिशेने गेलेला लांबलचक वाडा, त्या वाड्याच्या कडेने एक बोळ, बोळात खोल्यांची रांग. असे जवळपास ९० बोळ इथे एकेकाळी होते, आज ३० च्या आसपास उरलेत. काही इतके अरुंद की समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि 'किती गोड' म्हणतात. प्रत्यक्षात तो पूररेषेचा नकाशा आहे. शेकडो वर्षं लोक दाटीवाटीने, मोजे विणण्यासारख्या धंद्यांवर पोट भरत राहिले, पण गाव फारसं खाली सरकलं नाही.

ॲबीचे बेनेडिक्टाइन पंथाचे साधू ११०२ मध्ये क्रॅनबर्नहून इथे राहायला आले. रॉबर्ट फिट्झहॅमन या नॉर्मन सरदाराने पैसा दिला. नॉर्मंडीहून दगड जहाजात भरून, सेव्हर्नमधून वर आणला गेला. म्हणजे नदी हवीच होती, पण उंबऱ्यात नको होती. ११२१ मध्ये चर्चचं पावित्र्यविधान झालं. मधला चौकोनी मनोरा सुमारे ४५ मीटर उंच आहे आणि आतल्या सभामंडपात जाडजूड गोल खांबांच्या दोन ओळी आहेत. अशा वजनाचं बांधकाम भुसभुशीत गाळावर उभं करायचं धाडस कुणी करत नाही. साधूंनी उंचवट्याच्या दक्षिण टोकाची जागा घेतली, स्विलगेट पायथ्याशी ठेवला आणि गिरणीसाठी पाट काढून पाणी आपल्या सोयीने वळवलं.

पाण्याने या गावाचा इतिहासही वळवला आहे. ४ मे १४७१ ला इथे गुलाबांच्या युद्धांतली, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांत चाललेल्या झगड्यातली, एक निर्णायक लढाई झाली. अंजूची मार्गारेट राणी आपलं लँकेस्टर पक्षाचं सैन्य घेऊन सेव्हर्न ओलांडून वेल्सकडे जायच्या खटपटीत होती. ग्लॉस्टरने दरवाजे बंद करून पूल नाकारला, म्हणून दमलेलं सैन्य नदी ओलांडायच्या पुढच्या उताराकडे, ट्यूक्सबरीला आलं. पाठीशी नदी आणि समोर यॉर्क पक्षाचा राजा चौथा एडवर्ड. राणीचा सतरा वर्षांचा मुलगा, प्रिन्स एडवर्ड, इथे मारला गेला. पळालेले सरदार ॲबीत आश्रयाला शिरले, त्यांना दोन दिवसांत बाहेर काढून गावच्या चौकात मुंडकी उडवण्यात आली. राजपुत्राचं दफन ॲबीतच आहे.

या प्रकरणासाठी त्याहून महत्त्वाची घटना मात्र रक्तपाताची नाही, खरेदीची आहे. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ बरखास्त केले, त्यात जानेवारी १५४० मध्ये ट्यूक्सबरीचा मठही गेला. सरकारी अधिकाऱ्यांनी यादी केली आणि चर्च 'अनावश्यक' इमारतींत टाकलं. अनावश्यक म्हणजे छपराचं शिसं उतरवून विकायचं, घंटा वितळवायच्या, दगड ज्याला हवा त्याने न्यावा. इंग्लंडात अनेक ठिकाणी अगदी तसंच झालं. ट्यूक्सबरीकरांनी सांगितलं की सभामंडपाचा भाग आम्ही पूर्वापार गावचं चर्च म्हणून वापरतो, तो आमचाच आहे. उरलेल्या भागासाठी त्यांनी ४५३ पौंड मोजले, म्हणजे शिसं आणि घंटा यांची भंगारातली किंमत. पूर्वेकडचं मेरीमातेचं मंदिर आणि साधूंची ओवरी वाचली नाही, बाकी चर्च वाचलं. तेव्हापासून ही ॲबी गावाचं पॅरिश चर्च आहे आणि छप्पर गळलं तर पैसे गोळा करायची जबाबदारी गावकऱ्यांची. मोठ्या वास्तूची डागडुजी ज्याची त्यालाच करावी लागली की तिच्या पायाशी पाणी कुठवर येतं हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं.

आता एकोणिसावं शतक. बोळांमधली दाटी, सामाईक हातपंप आणि शेजारीच शोषखड्डे. कॉलरा या गावाला दोनदा तरी चांगलाच चाटून गेला. नळाचं स्वच्छ पाणी ही तेव्हाची क्रांती होती. शतकाच्या उत्तरार्धात माइथला सेव्हर्नचं पाणी उचलून गाळायची सोय झाली. जॅकवेल नदीकाठीच असणार, त्यात निवडणाऱ्यांचा दोष काढता येत नाही. गडबड पुढे झाली. मूळची सोय वाढत वाढत अर्ध्या काउंटीची एकमेव पाणीवाहिनी बनली. चेल्टनम आणि ग्लॉस्टर फुगत गेली, माइथवर नवनवी यंत्रं बसत गेली, आणि हे केंद्र बंद पडलं तर दुसरीकडून पुरेसं पाणी वळवायची सोय झाली नाही. शुद्ध एकखांबी तंबू. केंद्रात याआधी कधी पूर शिरला नव्हता, आणि 'आजवर काही झालं नाही' हे वाक्य नियोजनाच्या कामात फार महाग पडतं.

२००७ चा उन्हाळा विचित्र होता. १७६६ पासून इंग्लंड आणि वेल्सच्या पावसाची नोंद आहे. त्या सगळ्या काळात मे ते जुलै एवढा ओला कधीच नव्हता. जमीन स्पंजासारखी भरून बसली होती. शुक्रवारी, २० जुलैला, सेव्हर्न आणि एव्हनच्या खोऱ्यात काही ठिकाणी एका दिवसात १२० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. मुंबईच्या वाचकाला यात काय मोठं असं वाटेल, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. पण इंग्लंडमधली गटारं, ओढे आणि मोऱ्या मुळात रिमझिमीच्या हिशोबाने बांधलेल्या, आणि खाली जमीन आधीच तुडुंब.

पूर दोन हप्त्यांत आला, आणि हे समजून घेतल्याशिवाय प्रकरण कळत नाही. पहिला हप्ता शुक्रवारी दुपारी आणि रात्री, ओढ्यांचा. स्विलगेट आणि कॅरंट काही तासांत फुगले आणि नदीपासून लांब असलेल्या, पुराच्या भीतीत कधीच न राहिलेल्या वस्त्यांत शिरले. ट्यूक्सबरीजवळून जाणारा एम ५ महामार्ग ठप्प झाला. त्यावर आणि आसपासच्या रस्त्यांवर मिळून सुमारे १०,००० वाहनचालकांनी ती रात्र गाडीत काढली. दुसरा हप्ता नद्यांचा. वेल्सच्या डोंगरातून आणि मिडलँड्समधून निघालेलं पाणी संगमावर पोचायला दोन दिवस लागले, आणि रविवारी सेव्हर्नने १९४७ च्या मार्चमधल्या महापुराची पातळी इथे ओलांडली. १९४७ ही गावाची जुनी मोजपट्टी होती, आजोबा नातवाला भिंतीवर हात ठेवून दाखवायचे ती. ॲबीत १७६० नंतर पहिल्यांदा पाणी शिरलं, पण थोडंसंच. बोळांच्या खालच्या टोकांना, नदीकडच्या घरांत ते खिडक्यांपर्यंत होतं. आणि मधले तीन रस्ते, जुना उंचवटा, बहुतेक कोरडा राहिला. जुनं गाव वाचलं याचं श्रेय मी कुठल्याही भिंतीला किंवा यंत्रणेला देणार नाही.

माइथ बंद पडलं त्याच सुमारास ग्लॉस्टरमध्ये आणखी एक खेळ चालू होता. कॅसल मीड्स हे वीज उपकेंद्र पाण्यामुळे बंद करावं लागलं आणि सुमारे ४२,००० लोकांचे दिवे गेले. त्याहून मोठं उपकेंद्र म्हणजे वॉलहम. तेही गेलं असतं तर पाच लाख लोकांची वीज गेली असती, आणि पाणी नाही, वीज नाही, अशा अवस्थेत लोक हलवायची पाळी आली असती. सैनिक, अग्निशमन दल आणि पर्यावरण संस्थेची माणसं रात्रभर राबली, तात्पुरते बांध आणि वाळूच्या पिशव्या रचल्या, पंप लावून आत झिरपणारं पाणी बाहेर फेकत राहिली. पाणी वाढायचं थांबलं तेव्हा अंतर इंचांत मोजण्याएवढं उरलं होतं. वॉलहम तरलं ते कष्टांनी आणि थोड्या नशिबाने. नशिबाचा हा वाटा चौकशीत नंतर सगळ्यांना बोचला.

पुढचे दिवस पाण्याचे. काउंटीच्या पोलिस मुख्यालयातून सगळी सूत्रं हलत होती. पाणी कंपनी सेव्हर्न ट्रेंट आणि लष्कर मिळून बाटल्या वाटत होते. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये खोक्यांचे ढीग, गाडी आली की डिकी उघडायची, सैनिक खोकं टाकणार, पुढची गाडी. गल्लोगल्ली चाकांच्या टाक्या ठेवल्या, हजाराहून जास्त. त्यांना तिकडे 'बाउझर' म्हणतात, आपल्याकडच्या टँकरचं धाकटं भावंड, फक्त इंजिनाशिवाय. सुरुवातीला टाकी रिकामी झाल्यावर ती पुन्हा कधी भरेल याचा पत्ता नसायचा, काही टाक्यांची नासधूसही झाली. आणीबाणीत दर माणशी दिवसाला किमान १० लिटर पाणी द्यावं असा सरकारी नियम होता. कागदावर तो बरा दिसतो. संडासाची एक टाकी ओतली की त्यातलं निम्मं-अधिक गेलं. लोक पावसाच्या पिंपातलं, बागेतल्या हौदातलं, क्वचित पुराचंच गढूळ पाणी संडासासाठी वापरू लागले. म्हातारी माणसं दोन लिटरच्या सहा बाटल्यांचं खोकं उचलू शकत नव्हती. ती शेजाऱ्यांवर अवलंबून राहिली, आणि शेजारी बहुतेक ठिकाणी धावले.

केंद्रातलं पाणी ओसरल्यावर कळ दाबली आणि नळ सुरू, असं होत नाही. यंत्रं धुऊन वाळवायची, विजेचं काम तपासायचं, रिकाम्या पडलेल्या शेकडो किलोमीटरच्या नळांत हळूहळू पाणी सोडायचं. एकदम दाब दिला तर जुने नळ फुटतात, आणि रिकाम्या नळात बाहेरची घाण शोषली गेलेली असू शकते. म्हणून आधी फक्त धुण्या-पुसण्यापुरतं पाणी आलं, नंतर उकळून प्या, आणि शेवटी नमुने तपासून प्यायला परवानगी. मधल्या काळात केंद्राभोवती तात्पुरती भिंत उभी करून झाली होती. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते शब्दशः हेच, आणि तरी ती खणणं भाग होतं, कारण आणखी पावसाचा अंदाज होता.

ट्यूक्सबरीत माणसंही गेली. त्यातले दोघे एका क्लबच्या तळघरातलं पाणी उपसताना, इंजिनावर चालणाऱ्या पंपाच्या धुराने. पुरात बुडून मरणाऱ्यांची चर्चा होते. बंद जागेत डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप लावू नये ही साधी सूचना मात्र पत्रकाच्या तळाशी राहते.

त्या उन्हाळ्यातल्या देशभरच्या पुरांत १३ माणसं गेली, सुमारे ५५,००० मालमत्तांत पाणी शिरलं आणि नुकसान ३ अब्ज पौंडांच्या वर गेलं. सर मायकेल पिट यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल जून २००८ मध्ये आला, त्यात ९२ शिफारशी होत्या. मला त्यातल्या दोन गोष्टी या प्रकरणाच्या गाभ्याच्या वाटतात. पहिली, ओढे आणि गटारांतून येणारा पूर ही नेमकी कुणाची जबाबदारी हे ठरलेलंच नव्हतं. शुक्रवारच्या पहिल्या हप्त्यात बुडालेल्या लोकांनी फोन करायचा कुणाला? २०१० च्या कायद्याने हे काम काउंटी पातळीच्या स्थानिक सरकारांवर टाकलं. हवामान खातं आणि पर्यावरण संस्था यांचं संयुक्त पूर-अंदाज केंद्रही २००९ मध्ये सुरू झालं. दुसरी, पाणी आणि विजेची मोक्याची ठिकाणं पूररेषेच्या आत कुठे कुठे आहेत याची एकत्र यादीच कुणाकडे नव्हती. कंपन्या खासगी, माहिती त्यांच्या कपाटात, आणि आणीबाणीचं नियोजन करणाऱ्याला वॉलहम किती लोकांना वीज देतं हे ऐन पुरात समजतं. माइथला पुढे कायमचा पूरसंरक्षक बांध झाला आणि इतर ठिकाणांहून पाणी वळवता यावं अशी जोडणी वाढवली गेली.

कंपनीला शिव्या घालणं सोपं होतं आणि लोकांनी घातल्याही. माझा आक्षेप थोडा वेगळ्या जागी आहे. केंद्र नदीकाठी असणं अपरिहार्य होतं, २२ जुलैच्या पहाटे ते बंद करण्याचा निर्णयही बरोबर होता, नाहीतर सतरा दिवसांऐवजी काही महिने गेले असते. चूक त्याआधीच्या कित्येक शांत वर्षांतली आहे. दर वर्षी एक नवी वसाहत त्याच केंद्राला जोडली गेली आणि प्रत्येक जोडणी एकटी पाहिली तर वाजवीच होती. बेरीज कुणी केली नाही.

हाच वाद आता घरांवरून चालू आहे. उंचवटा कधीच भरला, म्हणून ट्यूक्सबरी पूर्वेला, ॲशचर्चच्या दिशेने वाढतंय. तिथे हजारो घरांची 'गार्डन टाउन' बेतली आहे आणि तिच्यासाठी रेल्वेमार्गावर एक पूल आधी बांधायची परवानगी बरो कौन्सिलने दिली. पुलाला जोडणारे रस्ते अजून नव्हते, त्यामुळे गावात त्याला 'कुठेच न जाणारा पूल' असं नाव पडलं. ॲशचर्चच्या ग्रामकौन्सिलने न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने परवानगी रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की पुलामुळे होणाऱ्या घरांचे फायदे तुम्ही जमेला धरलेत, मग त्याच घरांचे तोटेही धरायला हवे होते. पुढच्या जानेवारीत, हेंक वादळानंतर, सेव्हर्न पुन्हा चढली, हॅम पाण्याखाली गेलं आणि गावाकडे येणारे काही रस्ते बंद झाले. घरांचा आराखडा अजून टेबलावरच आहे.